दोन शनिवारांच्या मधलं काम

पहिली तीन वर्षं मी समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात तास संपताना एक छापील कागद ठेवायचे. त्यावर सात रकाने: घटना, विचार, भावना, तिची तीव्रता शंभरपैकी किती, वगैरे. पुढच्या शनिवारी तो कागद कोरा यायचा, नाहीतर माझ्याकडे येताना रिक्षात बसून एका दमात भरलेला. आठवीतल्या एका पठ्ठ्यानं सातही दिवस तीव्रतेपुढे '६०' लिहिलं होतं.

"रोज साठच?"

"पस्तीसला पास असतं ना मॅडम. म्हटलं साठ बरं दिसेल."

शाळेच्या बाई, क्लासचे सर, घरी आई, आणि त्यांच्या मागून वही तपासायला चौथी मी. या वयाच्या मुलांसोबत नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, म्हणजे तुमची तीन वर्षं तरी वाचतील. मुलांचे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

घरी करायचं काम सोडून मात्र देता येत नाही. आठवड्याचे तास १६८, त्यातला एक माझा. माझ्या खोलीत पंख्याखाली बसून मुलाला सगळं पटतं आणि सोमवारी वर्गात पाय ठेवला की सगळं पुसलं जातं. मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी उभ्या केलेल्या सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत, दोन भेटींमधल्या कामाला म्हणूनच मोठी जागा आहे. त्यांच्या कन्या जूडिथ बेक यांनी पुढे आपल्या पाठ्यपुस्तकात 'होमवर्क' शब्द बदलून 'अॅक्शन प्लॅन' केला. मी 'प्रयोग' म्हणते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम या पोरांना पाठच असतो. शिवाय प्रयोग नापास होत नाही, त्यातून काहीतरी निष्पन्न होतंच.

प्रयोग ठरवायचा तो तासाच्या मध्यावर. शेवटच्या दोन मिनिटांत, मूल चप्पल घालत असताना सांगितलेलं काम होत नाही. लिहायचं मुलानं, त्याच्या अक्षरात. मग मी विचारते, "पुढच्या शनिवारपर्यंत हे होईल याची खात्री दहापैकी किती?" आठच्या खाली उत्तर आलं की काम कापायचं. मुलाला समजावत बसायचं नाही.

अकरावी सायन्सचा एक मुलगा आठवतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. वर्गात शंका विचारायची म्हटलं की घसा कोरडा पडायचा. आम्ही भीतीची शिडी केली. पायऱ्या त्यानंच लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे शंभरपैकी आकडा टाकला. सरांना वर्गात हात वर करून विचारणं ९०, क्लास सुटल्यावर एकट्यानं विचारणं ६५, बाकावरच्या मित्राला विचारणं ४५. सगळ्यात खाली, २५ वर, पाणीपुरीवाल्याकडे शेवटची सुकी पुरी मागणं. ती सगळेच मागतात, हा द्रोण टाकून निघून यायचा. "रोज मागेन" म्हणाला. खात्री? सहा. मग कापत कापत आलो ते असं: मंगळवारी, क्लास सुटल्यावर, कोपऱ्यावरच्या गाडीवर, एकदा.

'काय होईल?' या ओळीत त्यानं लिहिलं: तो खेकसेल, मागचे हसतील.

शनिवारी आला तो जरा हिरमुसलाच. "मॅडम, त्यानं बघितलंसुद्धा नाही. न बघताच दिली." आपल्याकडे कोणी बघतच नाही, ही गोष्ट मी त्याला दोन महिने सांगत होते. बोलता बोलता कळलं की त्या वेळी कानात इयरफोन होते, गाणं चालू. अशी ढाल हातात असली की मूल भीतीला नीट भेटतच नाही आणि सगळं श्रेय इयरफोनला देऊन मोकळं होतं. म्हणून पुढचा मंगळवार तीच गाडी, तीच पुरी, इयरफोन दप्तरात. पायरी चढायची घाई करू नका. ६५ वर आम्ही पाच आठवडे होतो, त्यातले दोन सर रजेवर होते म्हणून.

आता विचारांची नोंद. सात रकाने मी केव्हाच टाकून दिले. अल्बर्ट एलिस यांचं आरईबीटी, म्हणजे हट्टी विचार ओळखून ते विवेकानं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, महाराष्ट्रात रुजवलं ते कि. मो. फडके यांनी. त्यातला 'मस्ट', म्हणजे 'हे असंच व्हायला हवं' हा हट्ट, मराठीत एका अक्षरात मावतो: च. 'नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत.' 'मी सगळ्यांना आवडलेच पाहिजे.' आठवडाभर फक्त च पकडायचा. बदलायचा नाही, वाद घालायचा नाही. आणि सुरुवात दुसऱ्यांपासून करायची, कारण स्वतःचा च कानाला लागत नाही. दहावीच्या एका मुलीनं एका जेवणात बाबांचे अकरा च मोजले आणि विजयी मुद्रेनं मला यादी दाखवली. पुढच्या आठवड्यात स्वतःचे मोजून आली तेव्हा यादी बरीच लांब होती आणि मुद्रा निराळी. त्यानंतरच मी 'च'च्या जागी 'मिळाले तर आवडेल' घालून बघायला सांगितलं. एवढ्यानं सगळं सुटतं असं नाही, पण पोरं हा खेळ महिनोन्महिने विसरत नाहीत.

नोंद लिहायची कुठे, हा प्रश्न आपण विचारतच नाही. वन बीएचकेत चार माणसं राहतात, मुलीला स्वतःचा खणही नसतो. बारावीच्या एका मुलीला मी डायरी दिली होती. तीन आठवडे त्यात 'आज छान वाटलं', 'आज अभ्यास चांगला झाला'. आई डायरी वाचते हे तिला माहीत होतं, म्हणून ती आईसाठीच लिहीत होती. चूक माझी. तिचं मन इतकं खालावलेलं होतं की मूड येण्याची वाट न बघता रोज एक छोटी कृती करायची, असं आमचं ठरलं होतं: गच्चीवर दहा मिनिटं, मैत्रिणीला फोन, असं काही. मग नोंदीची जागा तिनंच शोधली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आई दुधाचा हिशोब लिहायची. त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात हिचा निळ्या पेनाचा ठिपका. केलं तर एक, करून बरं वाटलं तर दोन. महिनाभर कोणी विचारलं नाही. महिन्याच्या शेवटी पानाचा फोटो काढून आणला, त्यात दुधाच्या खाड्यांपेक्षा ठिपक्यांचे खाडे कमी होते.

आईवडिलांनाही काम द्या, नाहीतर ते मुलाचं काम हातात घेतात. माझं ठरलेलं काम: आठवडाभर 'मॅडमनी सांगितलेलं केलंस का?' विचारायचं नाही. हे भल्याभल्यांना जमत नाही. मी त्यांना काय सांगणार आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत मूल समोर असताना बोलून घेते. जिवाला धोका असेल तर गप्प राहणार नाही, हेही तेव्हाच. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे.

पुढच्या भेटीची पहिली पाच मिनिटं प्रयोगाची. एकदा विचारायला विसरलात की 'हे काम काही खरं नाही' असं मूल समजून जातं. केलं नसेल तर 'का नाही?' नको, तो बाईंचा प्रश्न झाला. 'कधी आठवलं होतं? कुठे अडलं?' असं विचारा. एकीला मी संध्याकाळी सातची पंधरा मिनिटं 'काळजीची वेळ' म्हणून दिली होती, दिवसभराच्या काळज्या तेव्हाच करायच्या. तिनं एकदाही केलं नाही. कारण सातला बाबा घरी येतात आणि तेव्हापासून घरात कोण काय बोलेल यावर तिचे कान असतात. चार भेटींत न निघालेली गोष्ट न केलेल्या गृहपाठातून निघाली. वेळ आम्ही दुपारी चारची केली आणि पुढचे कित्येक तास मात्र बाबांवर बोललो.

स्वतःला इजा करून घेणारं, मरणाचं बोलणारं, जेवण सोडलेलं मूल असेल तर हे प्रयोग बाजूला ठेवा. तिथे आधी सुरक्षिततेचा लेखी आराखडा, घरातलं मोठं माणूस, मानसोपचारतज्ज्ञ, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या आणि पालकांच्याही फोनमध्ये.

बोर्डाचे पेपर सुरू झाले की मी नवा प्रयोग देत नाही. असलेल्यातला एक, सर्वात सोपा, तेवढा चालू ठेवायचा. बाकीचं शेवटच्या पेपरनंतर, आणि तेही एक आठवडा झोपून झाल्यावर.