येऊरच्या (ठाणे) चढावर सायकलचे गिअर आपोआप उडतात? हँगर तपासा

स्टँडवर गिअर मख्खन. येऊरच्या चढावर जोर लावला की मागे चेन कडकन उडायची. केबल-आउटर बदलले, बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवला, चेन नवी घातली. नुसता वैताग! दोष निघाला डिरेल्युअर हँगरमध्ये, म्हणजे मागचे गिअर बदलणारा डिरेल्युअर फ्रेमला ज्या पट्टीवर बसतो तिच्यात. मागून पाहिलं तर केज (डिरेल्युअरचा चेन धरणारा खालचा भाग) स्पोककडे किंचित झुकलेला.

आधी चाक नीट बसलंय ना बघा. 5 मिमी अ‍ॅलन कीने डिरेल्युअर सोडवा, हँगरच्या आट्यांत अलाइनमेंट गेज (हँगरचा वाकडेपणा मोजायचं साधन) बसवा. व्हॉल्व्हजवळचा रिमचा एकच बिंदू धरून, चाक फिरवत, घड्याळाच्या 12, 3, 6, 9 वर गेज ते रिम अंतर मोजा. फरक 4 मिमीपेक्षा जास्त असेल तर हलक्या हाताने वाकवा. उलटसुलट केलं तर अ‍ॅल्युमिनियम तुटतं. मग डिरेल्युअर लावून आधी लिमिट स्क्रू (चेन टोकाच्या गिअरपलीकडे जाऊ न देणारे), शेवटी इंडेक्सिंग (प्रत्येक क्लिकला एक गिअर नेमका बसवणं). हँगर फ्रेमनुसार वेगळा असतो, म्हणून जादाचा एक बॅगेत ठेवाच.