चारचाकीची टेस्ट: आधी क्लच, मग बाकीचं

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लच आणि ब्रेकचे पेडल दोन ठिकाणी असतात, तुमच्या पायाशी आणि शेजारी बसलेल्या सरांच्या पायाशी. सुरक्षिततेसाठी ते हवंच. पण रहदारीत गाडी बंद पडू नये म्हणून बरेच सर स्वतःच क्लच सांभाळतात आणि शिकणारा फक्त स्टिअरिंग फिरवतो. क्लास संपेपर्यंत त्याला गाडी छान येतेय असं वाटतं, आणि आरटीओच्या चढावर तीच गाडी दोनदा बंद पडते. टेस्टमध्ये नापास होणारे बहुतेक जण वेगात चुकत नाहीत. ताशी पाच किलोमीटरच्या आत चुकतात, कारण तिथे सगळं काम क्लचचं असतं. म्हणून पहिल्याच दिवशी सरांना सांगा, "गाडी बंद पडली तरी चालेल, क्लचवर पाय ठेवू नका."

शिकाऊ लायसन्स

चारचाकीसाठी वय १८ पूर्ण हवं. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. आधारशी मोबाइल जोडलेला असेल तर महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. परीक्षेला कॅमेऱ्यासमोर उजेडात आणि एकटेच बसा, मागे कोणी उभं राहून उत्तरं सांगायला नको. शारीरिक पात्रतेचं स्वयंघोषणापत्र म्हणजे नमुना १. वय चाळिशीपुढे असेल तर डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ लायसन्सला वाहनाच्या प्रत्येक वर्गामागे (दुचाकी, चारचाकी असे) १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. पुढे पक्क्या लायसन्सच्या चाचणीचे प्रत्येक वर्गामागे ३०० आणि लायसन्सचे २००. कार्ड आणि टपालाचे वेगळे. दुचाकी येत असेल तर तोही वर्ग याच अर्जात टाका, नंतर वेगळा अर्ज करायची कटकट वाचते.

परीक्षेत १५ पैकी ९ उत्तरं बरोबर हवीत. चिन्हं एकेक करून घोकण्यापेक्षा आकार आणि रंग लक्षात ठेवा. लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, निळं वर्तुळ म्हणजे सक्ती, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना, निळा चौकोन म्हणजे माहिती. अपवाद दोनच: थांबा अष्टकोनी असतो आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण असतो. याशिवाय काही गोष्टी डोक्यात पक्क्या असू द्या. सर्कलमध्ये उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. नव्या गाडीला नोंदणीपासून एक वर्षाने पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, लागते.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही, आणि सहा महिने उलटले तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज. मोठ्या शहरांत टेस्टचे स्लॉट लांबचे मिळतात, तेव्हा ३० दिवस भरले की लगेच स्लॉट घेऊन ठेवा. पाचव्या महिन्यात जागे होणारेच एजंटच्या तावडीत सापडतात.

शिकाऊ लायसन्सवर एकट्याने गाडी चालवता येत नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेली, गाडी थांबवू शकेल अशी व्यक्ती हवी. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल एल हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. काचेला चिकटवलेला चिटोरा म्हणजे एल बोर्ड नव्हे.

शिकायचं कुठे, किती

नियमात हलक्या वाहनाच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत. फी भरण्याआधी विचारा: एका फेरीत गाडीत किती जण असतात, आणि स्टिअरिंग माझ्या हातात किती मिनिटं? चौघांना बसवून प्रत्येकाला दहा मिनिटं देणाऱ्याकडे तुमचे २१ दिवस भरतात, १० तास भरत नाहीत. आणखी एक गैरसमज: स्कूलचं प्रमाणपत्र मिळालं की टेस्ट माफ होते, असं नाही. ती सवलत २०२१ पासून फक्त शासनमान्यता असलेल्या अधिकृत चालक प्रशिक्षण केंद्रांना आहे. नाक्यावरच्या साध्या स्कूलला ती लागू नाही.

पहिले दोन-तीन दिवस मोकळ्या मैदानात किंवा सुट्टीच्या दिवशी रिकाम्या असलेल्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर घालवा. सीट अशी लावा की क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहील, आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचेल. क्लच शेवटपर्यंत दाबला जात नसेल तर गिअर खरखरतो. दोष गिअरबॉक्सचा नसतो, सीट मागे असते. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी. बाहेरच्या आरशात आपल्या दाराची बारीकशी पट्टी दिसली की पुरे.

आता मुख्य व्यायाम. गाडी सपाटीवर, इंजिन सुरू, पहिला गिअर, हँडब्रेक खाली. उजवा पाय ब्रेकवरून उचला पण ॲक्सिलरेटरला लावू नका. क्लच अगदी सावकाश सोडा. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित थरथरतं आणि गाडी सरकू लागते. हाच हाफ क्लच. तिथे पाय धरून ठेवा, मनात दोन आकडे मोजा, मग उरलेला क्लच सोडा. आजकालच्या बहुतेक गाड्या सपाटीवर ॲक्सिलरेटर न देता नुसत्या क्लचवर चालतात, कारण इंजिन आपला किमान वेग स्वतः सांभाळतं. मग क्लच दाबून ब्रेक, गाडी उभी. पुन्हा पहिल्यापासून. वीसेक वेळा सलग गाडी बंद न पडता जमेपर्यंत दुसऱ्या गिअरकडे बघूही नका.

गाडी बंद का पडते? दोनच कारणं. एक, गाडी सरकायला लागली या आनंदात पाय क्लचवरून झटकन उचलला जातो. दोन, वेग अगदी कमी असताना क्लच न दाबता नुसता ब्रेक दाबला जातो. उलट चूकही आहे: गाडी चालू लागल्यावरही डावा पाय क्लचवर टेकून ठेवणं. तसं केलं की प्लेट घासते, जळका वास येतो, आणि निरीक्षकाला शेजारच्या सीटवरूनही तुमचा पाय दिसतो.

चढ

टेस्टच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे की चढावर थांबून गाडी जराही मागे न जाता पुढे काढता आली पाहिजे. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर द्या. टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) असेल तर तो दीड ते दोन हजारांच्या मध्ये. मग क्लच सोडत हाफ क्लचवर या. बॉनेट वर उचलल्यासारखं वाटतं, मागची बाजू दबते. आत्ता, आणि आत्ताच, हँडब्रेक सोडा. घाबरलेला माणूस आधी हँडब्रेक सोडतो आणि मग क्लच शोधत बसतो. तेवढ्या वेळात गाडी हातभर मागे गेलेली असते. हँडब्रेक सोडल्यावर गाडी जागेवरच थबकली तर ते उत्तम, मग थोडा जास्त ॲक्सिलरेटर आणि क्लच. सराव आधी सोसायटीच्या रॅम्पवर करा, मागे भिंत किंवा दुसरी गाडी नाही हे बघून. नुसत्या हाफ क्लचवर चढाला गाडी तोलून धरायची सवय मात्र लावून घेऊ नका. ती दिसायला रुबाबदार असते, पण क्लच प्लेटचं बिल तुमच्या नावाने येतं.

उताराचंही विचारतात. उतरताना न्यूट्रल नको, क्लच दाबून ठेवणंही नको. जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा घाटातला जुना नियम. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत.

आठ, एच आणि रिव्हर्स

टेस्टचा ट्रॅक सगळीकडे एकसारखा नसतो. पुण्यात चारचाकीची चाचणी भोसरीच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेतल्या संगणकीकृत ट्रॅकवर होते. इतर अनेक ठिकाणी मैदानावर आखलेल्या खुणा आणि त्यानंतर रस्त्यावरची फेरी असते. आपल्या ठिकाणी काय आहे ते आदल्या आठवड्यात जाऊन बाहेरून बघून या.

आठ, म्हणजे इंग्रजी 8 च्या आकाराची फेरी, पहिल्या गिअरमध्ये, क्लचवर. पुढे जाताना मागची आतली चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून गाडी नेहमी बाहेरच्या रेषेजवळ ठेवा. नजर बॉनेटवर नको, वळणाच्या पुढच्या टोकाला हवी. दोन वर्तुळं जिथे मिळतात तिथे क्षणभर स्टिअरिंग सरळ होतं आणि मगच उलट फिरतं. तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

एच (इंग्रजी H च्या आकाराच्या खुणांमधून गाडी पुढे-मागे काढणं) आणि रिव्हर्स यात मात्र वेळ घाला. मैदानात पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवून खुणा करा, विटा नकोत, बंपर वाचेल. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला गाडीची मागची बाजू जाते, आणि त्याच वेळी पुढचं नाक उलट दिशेला बाहेर फेकलं जातं. मागे बघण्याच्या नादात हे नाक पुढच्या खांबाला घासतं. ॲक्सिलरेटर अजिबात नको. गाडी नुसत्या क्लचवर मुंगीच्या चालीने मागे येऊ द्या आणि स्टिअरिंग गाडी सरकत असतानाच फिरवा. एका नजरेत मागची काच, दुसऱ्या नजरेत दोन्ही आरसे.

सर्वांत जास्त गोंधळ चाकं आत्ता कुठल्या दिशेला आहेत हे न कळल्यामुळे होतो. छोट्या गाड्यांत सरळ चाकापासून पूर्ण वळणापर्यंत स्टिअरिंगचे साधारण दीड ते पावणेदोन फेरे होतात. आपल्या गाडीचे मोजून ठेवा. सरावापुरती स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर रंगीत चिकटपट्टी लावा. जितके फेरे दिले तितके परत घेतले आणि पट्टी वर आली की चाकं सरळ. चिकटपट्टी टेस्टच्या आधी काढून टाका, तोवर हाताला हिशोब बसलेला असतो.

टेस्टच्या दिवशी

शेवटचे तीन-चार दिवस ज्या गाडीवर टेस्ट द्यायची तीच गाडी चालवा. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो. स्कूलच्या घासलेल्या क्लचवर हात बसलेला माणूस नव्या गाडीत बसला की दोन धक्के खातोच. स्वतःची गाडी नेणार असाल तर आरसी, विमा आणि पीयूसी चालू आहेत का ते आदल्या रात्री बघा. विमा संपलेला आढळला तर टेस्ट तिथेच राहते. मूळ शिकाऊ लायसन्स, अर्ज आणि स्लॉटची पावती, एल बोर्ड, आणि सोबत पक्कं लायसन्सवाला माणूस. दुचाकीही असेल तर हेल्मेट.

गाडीत बसल्यावर घाई करू नका, पहिलं अर्धं मिनिट तुमचं आहे. सीट, आरसे, बेल्ट. गिअर न्यूट्रल आहे का ते हलवून बघा, हँडब्रेक ओढलेला आहे ना पाहा, मग चावी. गाडी काढताना उजवा इंडिकेटर, आरसा, आणि मान वळवून उजव्या खांद्यावरून एकदा मागे. हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून केलं तर निरीक्षकाला दिसत नाही, मान खरंच वळवा. निघताना हँडब्रेक विसरू नका. रस्त्यावर डावीकडे राहा, वळायच्या आधी आरसा आणि मग इंडिकेटर हा क्रम ठेवा, वळून झाल्यावर इंडिकेटर बंद झाला का बघा. झेब्रावर पाय ठेवलेल्या माणसासाठी थांबा, आणि थांबताना चाकं रेषेच्या अलीकडे. एखादा रिक्षावाला मध्येच घुसला तर हॉर्न न मारता वेग कमी करा, त्यावर तुमचं नियंत्रणच दिसतं. गाडी बंद पडलीच तर हात-पाय गाळू नका: हँडब्रेक, न्यूट्रल, पुन्हा चावी, पुन्हा पहिल्यासारखी सुरुवात. बंद पडल्यावर गडबडून गिअरमध्येच चावी फिरवली आणि गाडीने उडी मारली, तर तो दोष बंद पडण्यापेक्षा मोठा धरला जातो.

नापास झालात तर ७ दिवसांनंतर पुन्हा देता येते. तीनदा नापास झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं. म्हणून निरीक्षकाला "नेमकं काय चुकलं?" एवढं विचारून घ्या आणि त्या सात दिवसांत फक्त तेवढंच गिरवा.

पास झाल्यावर कार्ड टपालाने घरी येतं, तेव्हा पत्त्यात इमारतीचं नाव आणि पिनकोड अर्जातच नीट तपासा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स कार्डाइतकंच ग्राह्य असतं. तिशीच्या आत काढलेलं खासगी वाहनाचं लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासच्या दरम्यान काढलं तर १० वर्षं. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येतं. मुदत संपून वर्षाहून जास्त काळ गेला, तर टेस्ट पुन्हा द्यावी लागते.