महिलांना सूक्ष्मकर्ज देताना या चुका टाळा

कर्ज बाईच्या नावावर निघालं म्हणजे धंदाही तिचाच झाला, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. भारत, श्रीलंका आणि घाना इथे छोट्या धंद्यांना भांडवल दिल्याच्या जुन्या प्रयोगांमधल्या माहितीची 2019 मध्ये फेरतपासणी झाली. घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बायकोचं भांडवल बरेचदा तिकडे वळतं, असं त्यात दिसलं. जिथे घरात तिचा एकटीचाच धंदा होता, तिथे तिचा परतावा पुरुषांच्या तोडीचा निघाला. आणि आपण म्हणत बसतो, बायकांना धंदा वाढवता येत नाही! म्हणून अर्ज भरतानाच विचारा: घरात आणखी कोणाचा धंदा आहे? पैसे कुणाच्या हाती राहणार? युगांडात काही कर्जदार महिलांना रोख रकमेऐवजी फक्त धंद्यासाठीच्या मोबाइल खात्यात पैसे दिले गेले. 8 महिन्यांनी त्यांचा नफा रोख घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 15 टक्के जास्त होता. घरच्यांनी हात पसरायच्या आधी पैसा मालात गुंतला, एवढाच काय तो फरक.

दुसरी चूक हप्त्याच्या वेळेची. कर्ज मिळाल्यावर पंधरवड्यातच हप्ता सुरू होणार असेल, तर कोणती शहाणी बाई शिलाई मशीन घेईल? ती झटपट विकला जाणारा माल भरेल आणि धंदा आहे तिथेच राहील. कोलकात्यात काही महिलांना पहिल्या हप्त्याआधी 2 आठवड्यांऐवजी 2 महिन्यांची सवलत दिली, तेव्हा त्यांची गुंतवणूक वाढली आणि पुढे नफाही. मात्र थकबाकीसुद्धा वाढली, हे लपवण्यात अर्थ नाही. सरसकट सवलत देण्यापेक्षा ज्यांच्या धंद्याला जम बसायला वेळ लागतो, त्यांनाच ती द्यावी, असं माझं मत.

कर्ज घेणाऱ्यांनो, व्याजाचा दर तोंडी ऐकून सही करू नका. 12 टक्के सपाट दर, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, ऐकायला बरा वाटतो; पण वर्षभर मासिक हप्ते भरायचे असतील, तर घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर, तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. एकूण परतफेड किती, हे लेखी मागा.

हप्ता चुकू लागला की दुसरीकडून कर्ज काढून पहिलं फेडणं, हा रोग ओळखायला सोपा आणि बरा करायला अवघड. 2010 च्या आंध्र प्रदेशातल्या सूक्ष्मकर्जाच्या संकटात एकाच घरावर साठलेली अनेक कर्जं आणि वसुलीचा जाच, दोन्ही होते. हप्ता चुकला तर वसुलीसाठी तिच्या कर्जगटातल्या बायकांना तिच्या दारात बसवू नका. फिलिपिन्समध्ये एका बँकेने गटहमी (एकीने चुकवलं तर बाकीच्यांनी भरायचं, ही अट) काढून ज्याची त्याची जबाबदारी ठेवली, तरी थकबाकी वाढली नाही. आधी कारण शोधा. माल पडून आहे की उधारी अडकली आहे? तसं असेल तर हप्ते लांबवून द्या. घरातलं आजारपण असेल, तर तिला नवं कर्ज नको, बचत किंवा विमा हवा होता. तो पुढच्या वेळी कर्जाआधी सुरू करा.