आधी चालवून बघा: फिजिओथेरपी शिकायला येणाऱ्यांसाठी

बारावीचे निकाल लागले की नातेवाईक, शेजारी, कुणाच्या तरी मामेबहिणीचे यजमान, असे फोन सुरू होतात. "नीटमध्ये एमबीबीएसला लागतील इतके मार्क नाहीत, मग फिजिओ घ्यावं का? स्कोप आहे ना?" स्कोप आहे. सुरुवातीची वर्षं पगार बेताचा असतो, मुंबईत तर घरोघरी जाऊन पेशंट बघितल्याशिवाय अनेकांचं भागत नाही, हेही मी सांगून टाकते. त्यापुढचं ऐकायला फोनवर कुणाला वेळ नसतो, म्हणून ते इथे लिहिते. या विषयात पुस्तकं वाचून पास होता येतं. पण माणूस हलतो कसा, हे शिकायचं तर ते बघण्यात ज्यांची हयात गेली अशा शिक्षकांच्या मागे ओपीडीत उभं राहावं लागतं. त्याला दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

कागदोपत्री गोष्टी आधी उरकते. आमच्या वेळी चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप असा साडेचार वर्षांचा कोर्स होता, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. 2021 साली या क्षेत्रासाठी केंद्राचा नवा कायदा आला, तेव्हापासून रचना बदलते आहे. त्यामुळे तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक वाचा, शेजारच्या ताईच्या वेळचे नियम धरून बसू नका.

पहिलं वर्ष हाडं, स्नायू, नसा पाठ करण्यात जातं. खरी पंचाईत पुढे कायनेशिऑलॉजी आणि बायोमेकॅनिक्स, म्हणजे हालचालींचं शास्त्र आणि त्यामागचं जोर-वजनाचं गणित, सुरू झालं की होते. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली आमच्यासारखी मुलं, आणि फळ्यावर प्लेन, अ‍ॅक्सिस, लिव्हर, टॉर्क. "हे काय, परत फिजिक्स?" असं सगळ्यांनाच वाटतं. बरेच जण इथेच विषयाचा नाद सोडतात आणि नोट्स घोकून पुढे सरकतात. कोण सोडेल आणि कोणाला गोडी लागेल, हे बहुतेक वेळा समोर शिकवायला कोण उभं आहे यावर ठरतं.

मुंबईच्या जुन्या शिक्षकांची पिढी कशातून घडली हे माहीत असेल तर त्यांचं शिकवणं जास्त कळतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथींच्या काळात, परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय सुरू झालं. त्याच दशकात हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. अजूनही कुणाला कॅलिपर (कमजोर पायाला बाहेरून आधार देणारी चौकट) किंवा कृत्रिम पाय हवा असेल तर "हाजी अलीला जा" एवढंच सांगतात. म्हणजे या शहरातल्या फिजिओथेरपीची सुरुवातच लुळ्या पडलेल्या पायांनी लोक कसे चालतात, हे बघण्यातून झाली. भारतात पोलिओची शेवटची केस जानेवारी 2011 मधली. तुम्हाला पोलिओ झालेलं लहान मूल दिसणार नाही, पण लहानपणी पोलिओ झालेले चाळिशी-पन्नाशीचे लोक ओपीडीत येतात. ते आले की जुने शिक्षक विद्यार्थ्यांना गोळा करतात.

आमच्या मॅडमनी असेच एक काका आम्हाला दाखवले होते. उजव्या पायावर भार टाकताना ते दर पावलाला उजव्या हाताने मांडी दाबायचे आणि थोडे पुढे झुकायचे. टाचही पूर्ण टेकत नव्हती. मॅडमनी विचारलं, "काय दिसतंय?" आम्ही भराभर सुरू झालो: चाल बिघडलेली आहे, पोश्चर चुकीचं आहे, टाचेची शीर आखडली आहे, स्ट्रेचिंग द्यायला हवं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि काकांनाच विचारलं, "काका, हात न लावता चालून दाखवता?" काका हसले. "पडेन ना मॅडम."

मग फळ्याशिवाय, तिथेच पॅरलल बारजवळ, म्हणजे धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांजवळ, बायोमेकॅनिक्सचा तास झाला. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, काम करत नसेल तर भार पडताच गुडघा मुडपतो. तो मुडपू नये म्हणून हात मांडीला मागे रेटतो. धड पुढे झुकलं की शरीराच्या वजनाची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते आणि गुडघा आपोआप सरळ राहतो, स्नायूची गरजच उरत नाही. आणि ती न टेकणारी टाच? घोट्यातून पंजा जरा खाली ओढलेला असला की पाय टेकताना नडगी पुढे येऊ शकत नाही, त्यामुळे गुडघा मागच्या बाजूला दाबला जातो. म्हणजे आम्ही ज्याला दोष म्हणत होतो तो काकांचा आधार होता. मागचापुढचा विचार न करता ती शीर सैल केली असती, तर इतकी वर्षं चालणारा माणूस खुर्चीत बसला असता.

या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी मला चालेल. पेशंटची वेडीवाकडी हालचाल हा बहुधा त्याच्या शरीराने काढलेला तोडगा असतो. तो कशावरचा तोडगा आहे हे कळेपर्यंत तो मोडायला जायचं नाही. अनुभवी शिक्षक आणि नुसते वयाने मोठे शिक्षक यांच्यातला फरक मला इथे दिसतो. पहिले विचारतात, "असं का करत असेल?" दुसरे विचारतात, "याला काय म्हणतात?"

नाव सांगता येणं वाईट नाही, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेच लागतं. ट्रेंडेलनबर्ग हे नाव तुम्ही पाठ करालच: एका पायावर उभं राहिलं की दुसऱ्या बाजूचं कंबरेचं हाड खाली झुकतं, कारण उभ्या पायाच्या बाजूचा ग्लुटियस मिडियस, म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, कमजोर असतो. पण या जर्मन सर्जनने ते 1895 मध्ये मांडलं, आणि क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधला, हे सहसा कुणी सांगत नाही. आतलं हाड दिसायची सोय नव्हती. माणसं कशी चालतात ते बघून त्याने कारण शोधलं.

त्याच खुब्यावरून काठीचा हिशेब. उजवा खुबा दुखतो म्हणून आजी उजव्या हातात काठी धरून येतात. घरच्यांनीच घेऊन दिलेली असते, "दुखतंय तिकडे आधार" या न्यायाने. आमचे सर अशा वेळी मुलांच्या बागेतला सीसॉ काढायचे. खुब्याचा सांधा मधला खुंटा. एका बाजूला, खुंट्याच्या अगदी जवळ, ग्लुटियस मिडियस ओढतोय. दुसऱ्या बाजूला, साधारण दुप्पट अंतरावर, शरीराचं वजन. जवळ बसलेल्याला तोल सांभाळायला दुप्पट जोर लावावा लागणार. ही ओढ आणि वजन दोन्ही मिळून सांध्यावर पडतात, म्हणून एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. काठी डाव्या हातात दिली की ती सांध्यापासून लांब टेकते, त्यामुळे हाताने थोडंसं दाबलं तरी स्नायूचं काम बरंच हलकं होतं. काठी मिळायच्या आधी आजी काय करत होत्या? धड उजवीकडे कलतं करून चालत होत्या, म्हणजे वजन खुंट्याजवळ आणत होत्या. सीसॉ न शिकता.

आता खांद्याबद्दल, कारण परीक्षेत हमखास येतो. हात पूर्ण वर जातो तेव्हा 180 अंशांपैकी ढोबळमानाने 120 खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 स्कॅप्युलातून, म्हणजे पाठीवरच्या त्या तिकोनी हाडातून. हे प्रमाण सगळे सांगतात. बोटाला कळणं वेगळं. पेशंटच्या मागे उभं राहायचं, अंगठा स्कॅप्युलाच्या खालच्या टोकावर ठेवायचा, आणि म्हणायचं, "मावशी, हात बाजूने हळूहळू वर न्या." चांगल्या खांद्यात पहिल्या 30 अंशांपर्यंत अंगठ्याखाली फारसं काही होत नाही. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे आखडलेल्या खांद्यात, हात उचलायला सुरुवात झाली की लगेच ते टोक अंगठ्याखालून बाहेर सरकतं, खांदा कानाकडे चढतो. मॅडम आमचा अंगठा धरून तो नेमक्या जागी ठेवायच्या, वर स्वतःचा अंगठा दाबायच्या आणि विचारायच्या, "सुटलं? कधी सुटलं?" स्वतःचा आणि हॉस्टेलमधल्या मैत्रिणींचा खांदा आधी भरपूर चाचपून घ्या. चांगला खांदा हाताला ओळखीचा झाला नाही तर आखडलेला कसा ओळखणार?

गुडघ्याचे आकडेही असेच. चालताना गुडघा साधारण 60 अंश वाकला तरी भागतं, जिन्याला आणि खुर्चीतून उठायला 90 च्या आसपास किंवा थोडं जास्त लागतं. परदेशी पुस्तकांचा संसार बराचसा खुर्चीवर चालतो. आपल्याकडे मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आणि जमिनीवरून उठणं असतं, त्याला 90 पुरत नाही. म्हणून जाणते शिक्षक गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) हातात घ्यायच्या आधी विचारतात: घरात संडास कसला आहे? कितवा मजला? लिफ्ट आहे का? चाळीत असाल तर नळ कुठे? लोकलने येता का, आणि कुठून चढता? अंबरनाथहून परळला येणाऱ्या बाईंना "जिने टाळा" सांगून काही होत नाही, पादचारी पूल चढल्याशिवाय त्या ओपीडीत पोचतच नाहीत. त्यांना कोणता पाय आधी टाकायचा ते शिकवा: चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी.

पुलावरून आठवलं. सराव करायला मुंबईसारखं शहर नाही. दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी नाही, दुपारी, एका कडेला उभे राहा. सगळं एकदम बघायला जाऊ नका, काहीच दिसणार नाही. थोडा वेळ फक्त पावलं बघा: टाच आधी टेकते का? मग फक्त गुडघे. मग कंबर. मग हातांचे झोके, दोन्ही सारखे आहेत का. चालीच्या एका चक्रात पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के हवेत असतो. दुखरा पाय ओळखायचा तर जमिनीवरचा वेळ कोणत्या बाजूला कमी पडतोय ते बघा, माणूस त्या पायावरून घाईने सुटतो. आवाजही ऐका. पाऊल वर उचलणारा स्नायू कमजोर असेल तर टाच टेकल्यावर पंजा फटकन आपटतो. कॉरिडॉरमधल्या नुसत्या आवाजावरून "फूट ड्रॉप येतोय बघा" असं पाठ फिरवून सांगणारे सर आम्हाला जादूगार वाटायचे. आणि हो, पुलावर कुणाचा व्हिडिओ काढायचा नाही. टक लावूनही बघायचं नाही, मार खाल.

ओपीडीत पेशंटची परवानगी घेऊन फोनवर स्लो मोशन काढायला माझी काही हरकत नाही. काही जुन्या शिक्षकांना ते आवडत नाही, मला त्यांचं पटत नाही. घोट्याची पटकन होणारी हालचाल डोळ्यांतून निसटते, ती फोन पकडतो. फक्त क्रम पाळा: आधी स्वतः बघा, काय दिसलं ते लिहा, मग व्हिडिओ लावून ताडून बघा.

सगळीकडे असे शिक्षक भेटतीलच असं नाही. मी इंटर्न असताना एका ठिकाणी पोस्टिंगभर आम्ही फक्त मशीनं लावली. पेशंट आला, प्लिंथवर (उपचाराच्या बाकावर) झोपला, पॅड लावले, टायमर लावला, पुढचा. तिथल्या वरिष्ठांना वर्षानुवर्षांचा अनुभव होता, पण पेशंट उठून चालताना त्यांना मी क्वचितच पाहिलं. अशी पोस्टिंग वाट्याला आलीच तर तक्रारीत वेळ घालवू नका. पेशंट दारातून प्लिंथपर्यंत चालत येतोच ना, तेवढ्यात बघून घ्या. चप्पल कोणत्या बाजूने झिजली आहे तेही प्लिंथखाली दिसतं.

चांगल्या शिक्षकांकडून मिळवायचं तर थोडा चिकटपणा लागतो. ओपीडीच्या वेळेआधी जा. खिशात इंचटेप, गोनिओमीटर आणि पेन ठेवा, त्यांना मागावं लागू नये. ते उभे असतील त्याच बाजूला उभे राहा, समोरून बघितलं तर त्यांना दिसतंय ते तुम्हाला दिसणार नाही. "मॅडम, डायग्नोसिस काय?" असं न विचारता "मला कंबर डावीकडे झुकताना दिसली, बरोबर आहे का?" असं विचारा. स्वतः काही बघून आलेल्या मुलांना कामाच्या घाईतही वेळ देणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिले. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) पूर्ण करून सही घ्यायला येणाऱ्यांना ते सही देतात, बाकी काही नाही. पेशंटला सूचना कशी द्यायची तेही त्यांच्याकडूनच उचला. "आजी, पाय टाचेपर्यंत ताणून गुडघ्याखालचा टॉवेल दाबा, आता पाचपर्यंत मोजा, श्वास नका रोखू." छापील मराठीत हे कुठे नीट मिळत नाही.

आणि कॉलेज निवडायला जाल तेव्हा लेक्चर हॉलचा एसी, इमारतीचा रंग हे सगळं बघून झालं की फिजिओच्या ओपीडीत चक्कर मारा. पेशंटला चालवून बघायला दहा मीटर मोकळी जागा आहे का ते बघा. दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात, ही आमच्याकडची रोजची चाचणी आहे. त्या जागेत खुर्च्या, कपाटं आणि बंद पडलेली मशीनं रचून ठेवलेली दिसली, तर दुसरं कॉलेजही बघून या.