पांडवलेण्यांची फेरी नेताना

नाशिकमध्ये पांडवलेण्यांची वारसाफेरी फसते ती माहिती कमी पडल्याने नव्हे, जास्त झाल्याने. २४ लेणी दोन तासांत उरकायचा घाट घातला की नवव्या लेण्यापाशी निम्मे लोक कठड्यावर बसून मोबाइल बघू लागतात. चारच लेणी घ्या: १९, १८, १० आणि ३. क्रमही हाच ठेवा, म्हणजे आकड्यांच्या उलट. १९ सर्वांत जुने, सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळचे. ३ मधली कथा १० मधल्या कथेनंतर घडते. ‘बाकीची लेणी तुम्ही सावकाश बघा’ असे शेवटी सांगितले की कुणी नाराज होत नाही.

तारीख ठरवायच्या आधी परवानगी. हे संरक्षित स्मारक आहे, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात दिवस, वेळ, अंदाजे किती माणसे, स्वयंसेवक किती आणि ते नेमके काय करणार, एवढे असू द्या. ‘स्वच्छता मोहीम’ असे मोघम लिहू नका. ‘पायऱ्या आणि आवारातला प्लास्टिक कचरा वेचणे’ असे लिहा, कारण स्वच्छता म्हटले की भिंती घासणे आलेच, असा अर्थ निघू शकतो. ट्रायपॉड, ड्रोन, ध्वनिक्षेपक यांची परवानगी वेगळी लागते. या फेरीला तिन्हींची गरज नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते, पण शाळेची मुले असतील तर मुख्याध्यापकांच्या सहीची यादी जवळ ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह असतो, त्यात लोक आपणहून येतात. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, पण पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि चढण्यापेक्षा उतरताना माणूस घसरतो. त्या दिवसांत ज्येष्ठांची फेरी घेऊच नका.

सकाळी ८ ला पायथ्याशी, फाळके स्मारकाजवळ जमा. चढायला रमतगमत २० मिनिटे लागतात. एका गटात १५ माणसे, फार तर २०. त्याहून जास्त झाली तर व्हरांड्यात मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. प्रत्येक गटाला तीन जण हवेत: एक पुढे, एक बोलणारा, एक शेपटीला. शेपटीचा माणूस सर्वांत भरवशाचा निवडा, कारण दमलेले, रुसलेले आणि फोटोत रमलेले सगळे त्याच्याच वाट्याला येतात. माणशी एक लिटर पाणी, खायचे पायथ्याशीच. वर डबे उघडले की माकडे येतात आणि मग फेरी माकडांचीच होते.

पहिल्या पाच मिनिटांत नावाचा प्रश्न सोडवून टाका. पांडवांचा या लेण्यांशी संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत आणि शिलालेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ येते, त्यावरून त्रिरश्मी. हे सांगताना कुणाच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीची टर उडवू नका. काही लोक इथे वंदनेला येतात, हेही आधीच सांगून ठेवा. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यात, कुणी शांत बसले असेल, तर गटाला बाहेर थांबवून दर्शनी भाग दाखवा. लाकडी बांधकामाची नक्कल दगडात कशी केली आहे, एवढे समजावण्यात दहा मिनिटे सहज जातात.

मुख्य मुक्काम १० क्रमांकाचे लेणे. व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, छताच्या खाली, लांबच लांब ओळी कोरल्या आहेत. हे क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे शक राजाचा, जावई उषवदात याचे दानलेख. लोक ‘कुठेत अक्षरं?’ विचारतात, कारण समोरून पडलेल्या उजेडात ती दिसतच नाहीत. विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटून, बाजूने तिरपी धरा. खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि ब्राह्मीतली अक्षरे एकेक करून वर येतात. लेख उंचावर आहे, तेव्हा विजेरी लांब पल्ल्याची हवी. मोबाइलचा दिवा पुरत नाही. अक्षरे उठावदार दिसावीत म्हणून खडू किंवा पावडर चोळणे हा गुन्हाच समजा. ती पूड खाचांतून पुन्हा निघत नाही.

इथे काय सांगायचे? दानांची यादी वाचू नका, एक हिशेब मांडा. उषवदाताने भिक्खूंच्या संघाला ३,००० कार्षापणे, म्हणजे तेव्हाची नाणी, दिली. ती हातात दिली नाहीत, जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेव म्हणून ठेवली. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. २,००० वर दरमहा शेकडा १, उरलेल्या १,००० वर दरमहा शेकडा पाऊण. आता मुलांना गणित घाला: २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात पुढे म्हटले आहे की वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात इथे मुक्काम करणाऱ्या, २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. वीस बारे २४०! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव पैशापैशाला जुळते. हे उत्तर तुम्ही आधी सांगून टाकले तर सगळी मजा गेली. गप्प राहा, कुणीतरी मागून ओरडतेच.

याच लेण्यातल्या लेखांत नारळांच्या बागा आहेत आणि इथेच बहुतेक मार्गदर्शक चुकतात. ‘या लेण्याला ३२,००० नारळाची झाडे दिली’ असे ठोकून दिले जाते. लेख दोन, दाने दोन. ३२,००० झाडे नानंगोल गावातली. ती चरक नावाच्या परिव्राजकांच्या, म्हणजे फिरत्या संन्याशांच्या, संघांना दिली, त्यांत शूर्पारकाचे, म्हणजे सोपाऱ्याचे नाव येते. या लेण्यातल्या संघासाठी कापूर आहारातल्या, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यातल्या, चिखलपद्र गावातली ८,००० झाडे. एकाच दात्याने ब्राह्मणांना, परिव्राजकांना आणि बौद्ध भिक्खूंनाही दिले, हे त्यातून दिसते. सगळे नारळ एकाच लेण्यावर ओतले की तेच हरवते. आणि हो, ‘म्हणजे तेव्हा नाशकात नारळ पिकायचा?’ असा प्रश्न येणारच. लेख झाडे त्या त्या गावांत असल्याचे सांगतो, या डोंगरावर नव्हे.

३ क्रमांकाचे लेणे दारातूनच भुरळ घालते; खालच्या तुळया खांद्यावर पेलणाऱ्या यक्षांपाशी लोक रेंगाळतात, रेंगाळू द्या. मग व्हरांड्यातल्या दोन राजाज्ञांकडे वळा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता संपवली आणि राज्यवर्ष १८ मध्ये, पूर्वी उषवदाताकडे असलेले कखडी गावातले २०० निवर्तने (जमिनीचे तेव्हाचे माप) शेत भिक्खूंना दिले. वर्ष २४ मध्ये दुसरी आज्ञा: कखडीला दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरचे १०० निवर्तने द्या. कागदावर दिलेली जमीन प्रत्यक्षात पडीक निघाली, हे सात-बारा काढायला तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला लगेच कळते. सर्वांत मोठा लेख गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा, तिचा नातू पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातला. तो सगळा वाचू नका. लेण्याच्या सजावटीसाठी डोंगराच्या नैऋत्येचे पिसाजिपदक गाव दिले, एवढे सांगा. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. त्या नाण्याचा मोठा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून न्या. सत्तांतर म्हणजे काय हे तो बोलण्यापेक्षा चटकन समजावतो.

भिंतीला टेकणाऱ्यांना ‘हात लावू नका’ म्हणून खेकसण्यापेक्षा ‘काका, जरा इकडे या, इथून नीट दिसतं’ म्हणा. माणूस हलतो आणि रागावतही नाही.

आता स्वयंसेवकांच्या हौसेबद्दल. ज्याला इतिहास आवडतो त्याला हातांनी काहीतरी करायचे असते, आणि नुकसान तिथेच होते. काजळी खरवडू नका, भिंतीवर पाणी मारू नका, कोरलेली नावे बुजवायला सिमेंट किंवा रंग लावू नका. कड्याच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले तर उपटू नका; मुळाबरोबर दगडाचा कपचा निघून येतो. जागा दिसेल असा फोटो काढून कार्यालयाला कळवा. वृक्षारोपण करायचे असेल तर ते लेण्यांच्या अंगावर नको. जागा आणि झाड दोन्ही संबंधित खात्याला विचारून ठरवा. हातमोजे घालून पायऱ्यांच्या कडेचा कचरा वेचणे, पोती खाली आणणे, पुढच्या गटाला थोपवून धरणे, कुठे नवे ओरखडे दिसले त्याची नोंद ठेवणे, हे खरे काम. ते करायला फारसे कुणी पुढे येत नाही.

मधमाश्यांचे भान ठेवा. कड्यावर आग्या माश्यांची पोळी लागतात. उग्र अत्तर, धूर, आरडाओरडा, दगड फेकणे, फटाके, सगळे बंद. चढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा की सध्या पोळे कुठे आहे, आणि तो भाग वगळा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. ओढणी किंवा शर्टाने तोंड-डोके झाका आणि गटाला तिथून लांब न्या, पण पायऱ्यांवर ढकलाढकल होऊ देऊ नका. नांगी राहिली तर नख किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा खूप डंख झाले तर घरगुती उपायात वेळ न घालवता १०८ लावा.

११ च्या आत उतरायला लागा. पायथ्याशी डोकी मोजा, आणि ती मोजणी शेपटीच्या माणसाच्या यादीशी पडताळल्याशिवाय कुणालाही पाथर्डी फाट्याकडे चहाला सोडू नका.