कॉलेजची फी, राहणं आणि मेस: बारावीनंतर पैशांची सोय कुठून कुठून होते, माझा अनुभव

निकाल लागला की आमच्या भागातून फोन सुरू होतात. दादा, पुण्याला नंबर लागतोय पण फी बघून पप्पा नको म्हणतायत, काय करू? दरवर्षी प्रत्येकाला तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. मी बीड जिल्ह्यातला, घरी चार एकर कोरडवाहू, 2018 ला पुण्यात इंजिनिअरिंगला आलो आणि सरकारी योजना, एका ट्रस्टची स्कॉलरशिप आणि कमवा-शिका यांच्या जोरावर डिग्री पूर्ण केली. धाकट्या बहिणीचं ॲडमिशन 2024 ला झालं, तिच्या वेळी नियम बरेच बदलले होते, त्यामुळे जुनं नवं दोन्ही बघितलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. मदत मिळते, भरपूर प्रकारची मिळते, पण उशिरा मिळते. ॲडमिशन ऑगस्टमध्ये आणि खात्यावर पैसे येतात ते कधी फेब्रुवारीत, कधी मार्च उलटून, कधी पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. त्यामुळे "स्कॉलरशिप आहे ना, मग झालं" असं धरून चाललात तर मेसवाल्याचे पैसे द्यायला सप्टेंबरमध्येच तोंड लपवावं लागेल. फीची सोय वेगळी, राहण्या-खाण्याची वेगळी आणि पैसे येईपर्यंत हातात खेळता पैसा कुठून आणायचा हे तिसरंच, हे तिन्ही हिशोब ॲडमिशनच्या आधी कागदावर मांडा.

आधी फी. महाराष्ट्रात जवळपास सगळ्या राज्य सरकारच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. एससीसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, त्यात फी पण आणि वर निर्वाह भत्ता पण मिळतो, आणि उत्पन्न त्याच्या वर असेल तर फ्रीशिप म्हणजे ट्यूशन आणि परीक्षा फी मिळते, भत्ता नाही. एसटीचं पण साधारण असंच. व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसीला (विशेष मागास प्रवर्ग) खासगी कॉलेजच्या प्रोफेशनल कोर्सला पूर्ण ट्यूशन फी, ओबीसी मुलांना निम्मी. ओपन, मराठा, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) वाल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला कॉलेजात सगळे नुसतं ईबीसी म्हणतात, उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि ट्यूशन फीच्या 50 टक्के. मी हीच घेतली होती.

मुलींसाठी मोठा बदल झालाय आणि तो अजून खेड्यापाड्यात नीट पोचलेला नाही म्हणून ठळक सांगतो. 8 जुलै 2024 च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी (म्हणजे मराठा) आणि ओबीसी मुलींना उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी 100 टक्के माफ आहे. माझ्या बहिणीला हेच मिळालं. आमच्याच वस्तीवर एका काकांनी पोरीचं बीएस्सीला नाव घातलं होतं, का तर इंजिनिअरिंगची फी झेपणार नाही, आणि त्यांना हा जीआर माहितच नव्हता. पोरगीला सीईटीला चांगले मार्क होते. असं कुणाचं होऊ नये एवढ्यासाठी तरी हे चार लोकांना सांगा.

पण इथे एक अट आहे जिच्यापायी दरवर्षी कितीतरी जण अडकतात. ॲडमिशन कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ईबीसी गेली आणि मुलींची माफी पण गेली. एजंट सांगतो "सीट पक्की करून देतो, स्कॉलरशिप पण बसवून देतो", तर त्याला तिथूनच नमस्कार करा.

दुसरी गोष्ट, माफी असते ती ट्यूशन फीची. कॉलेजच्या फीमध्ये ट्यूशन आणि डेव्हलपमेंट असे दोन भाग असतात, आणि ईबीसी किंवा मुलींच्या योजनेत डेव्हलपमेंट फी आपल्याच खिशातून जाते. समजा एकूण फी 1 लाख, त्यात ट्यूशन 88 हजार आणि डेव्हलपमेंट 12 हजार. तर ईबीसीवाल्या मुलाला निम्मे 44 आणि वरचे 12 म्हणजे 56 हजार भरायचेत, 50 हजार नाही. हे सहा हजार ऐन वेळी कुठून आणायचे म्हणून घरोघरी रडारड होते. कोणत्या कॉलेजची किती फी मंजूर आहे हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर बघायला मिळतं, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रँचची पसंती द्यायचा) भरायच्या आधी तिथे जाऊन प्रत्येक कॉलेजचे दोन्ही आकडे वहीत लिहून घ्या.

आता टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या वेगळ्या जागा, याच्याकडे पोरं लक्षच देत नाहीत. मंजूर जागांच्या वर 5 टक्के जागा असतात, जात कोणतीही चालते, उत्पन्न 8 लाखांच्या आत, मेरिटवर मिळते आणि सगळ्या वर्षांची पूर्ण ट्यूशन फी माफ. आणि ही माफी कॉलेजच देतं, म्हणजे सरकारकडून पैसे यायची वाट बघायचा प्रश्नच नाही. त्याचा चॉईस कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी असतो, तो ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा टाकावा लागतो, नाही टाकला तर मिळत नाही, मग 98 पर्सेंटाईल असले तरी. कटऑफ त्याच ब्रँचच्या साध्या सीटपेक्षा जास्त लागतो आणि नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, म्हणून जी ब्रँच खरंच करायचीये तिचाच कोड टाका. ओपनमधल्या मुलांनी तर टीएफडब्ल्यूएसचे कोड सगळ्यात वर ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सरकारी कॉलेजची फी मुळातच कमी असते, तिथे नंबर लागत असेल तर फक्त शहर लांब आहे म्हणून सोडू नका.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहेत. एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रगती मुलींसाठी आणि सक्षम दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी, दोन्हीत वर्षाला 50 हजार. आईवडील नसलेल्यांसाठी स्वनाथ आहे, तिची रक्कम पण तेवढीच. बारावीला बोर्डात वरच्या 20 टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राची आणखी एक आहे, पहिली तीन वर्षं 12 हजार. फक्त राज्याची आणि केंद्राची अशा दोन स्कॉलरशिप एकदम घेणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, तेव्हा दोन्हीकडचे नियम वाचून जिथे जास्त पैसे सुटतात तीच धरा.

राहण्या-खाण्याचं मात्र फीपेक्षा जड जातं. फी वर्षातून एकदा भरायची असते, भूक रोज लागते. एससी आणि नवबौद्ध मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60 हजार, त्यात जेवणाचे 32, राहण्याचे 20 आणि बाकी खर्चाचे 8. लहान शहरांत 51 आणि 43 हजार. माझा रूममेट यावर शिकला, पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती वेगळी आणि स्वाधार वेगळं, दोन्ही मिळतात. एसटीसाठी अशीच स्वयम् आहे. ओबीसी, व्हीजेएनटीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आलीये. आमच्यासारख्या ओपनवाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत कामगारांची मुलं असतील तर माझ्या वेळी पुण्यात वर्षाला 30 हजार होते. ईबीसीसोबत हा पण भरता येतो. खासगी रूमवर राहत असाल तर भाडेकरार लागतो, घरमालक करार द्यायला का कू करतात, म्हणून रूम घ्यायच्या आधीच विचारून घ्या.

पुण्यात येणाऱ्यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीचा फॉर्म जरूर भरावा. 1955 पासून ही संस्था खेड्यातल्या मुलामुलींना अगदी कमी खर्चात राहायला-जेवायला देते, मुलाखत घेऊन निवड करतात, घरची परिस्थिती खरी सांगायची, आणि आत गेल्यावर स्वतःची कामं स्वतः करायची शिस्त असते. फॉर्म लवकर संपतात, निकाल लागल्या लागल्या चौकशी करा.

कमवा आणि शिका बद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझा खेळता पैसा तिथूनच आला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत जे रुजवलं तेच पुढे विद्यापीठांनी उचललं, पुणे विद्यापीठाची योजना तर त्यांच्याच नावाने आहे. मी लायब्ररीत होतो. लेक्चर संपल्यावर दोन तास, परत आलेली पुस्तकं नंबरप्रमाणे रॅकला लावायची, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी, रजिस्टरला नोंद. तासाप्रमाणे पैसे, महिन्याला फार काही नाही, पण मेसचा बराचसा खर्च निघायचा आणि मुख्य म्हणजे महिन्याच्या महिन्याला यायचे. शिवाय टेक्स्टबुकं पहिली माझ्याच हातात यायची, लायब्ररीयन सर सुट्टीत घरी न्यायला द्यायचे. काही पोरांना लाज वाटते, वर्गातली मुलगी बघेल वगैरे. काहीही लाज वाटून घेऊ नका, आज माझ्याबरोबर काम करणारे सगळे चांगल्या ठिकाणी आहेत.

आता कागदपत्रं, जी निकालाच्या आधी तयार पाहिजेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, आणि तो 1 एप्रिलनंतर काढा कारण जुना 31 मार्चला संपतो. जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाईल, रेशन कार्ड, आणि सगळ्यात महत्त्वाचं जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी. व्हॅलिडिटीला महिने लागतात, त्यासाठी अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाकायचा असतो. जून-जुलैमध्ये सेतूसमोर रांगा लागतात, सर्व्हर डाऊन असतो, मधले लोक पैसे मागतात. एप्रिल-मेमध्ये गेलात तर तेच काम निवांत होतं.

बँक खातं पण आत्ताच बघा. पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यावर येत नाहीत, आधारला जे खातं एनपीसीआयमध्ये (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) जोडलंय त्यावर येतात, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेने आधार सीडिंग (खात्याला आधार जोडणं) केलं तीच बँक धरली जाते. माझ्या एका ज्युनिअरचा पहिला हप्ता असाच गायब, दोन महिने ऑफिसच्या चकरा, शेवटी कळलं की गावातल्या कॅम्पमध्ये अंगठा लावून एक खातं उघडलं होतं, त्यात पडले होते. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसतं. आणि मोबाईल नंबर आधारला लिंक ठेवा, ओटीपीशिवाय महाडीबीटीचं पान हलत नाही.

फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्रिन्सिपलच्या लॉगिनला, मग सरकारच्या त्या विभागाकडे. स्टेटस आठवड्यातून एकदा उघडून बघा. "सेंट बॅक" आलं की कारण वाचून लगेच दुरुस्त करून परत पाठवायचं, मुदत संपली तर वर्ष वाया. आमच्या स्कॉलरशिप सेक्शनच्या मॅडम सरळ सांगायच्या, फोटो काढून टाकलेली वाकडी-तिकडी मार्कशीट मला वाचता आली नाही तर मी परत पाठवणार. त्यांचं बरोबर होतं. दहा रुपये जातात, नीट स्कॅन करून आणा. एससीच्या मुलांना केंद्राचा 60 टक्के वाटा थेट खात्यावर येतो, त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते, ते पैसे दुसऱ्या कशाला वापरू नका.

काही कॉलेजं ॲडमिशनलाच पूर्ण फी मागतात, "स्कॉलरशिप आली की परत देऊ" म्हणतात. बहिणीच्या वेळी आमच्यासोबत हे झालं. पात्र विद्यार्थ्यांकडून माफीची रक्कम आधी घेऊ नये असे सरकारचे आदेश आहेत. आम्ही जीआरची प्रिंट आणि लेखी अर्ज दिला, अर्जावर पोच घेतली, आणि "नाही म्हणत असाल तर लेखी द्या" एवढंच शांतपणे सांगितलं. लेखी कुणी देत नाही. तासाभराने फक्त डेव्हलपमेंट फी घेऊन पावती दिली. भांडायची गरज पडली नाही, पण पप्पा एकटे गेले असते तर कर्ज काढून भरून आले असते.

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. बँकांच्या नेहमीच्या योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत पण जमीन-घर गहाण ठेवायची गरज नसते, त्याच्या वर तारण लागतं. हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं हे विसरू नका, जमेल तसं शिकतानाच व्याज भरत गेलात तर नंतरचा हप्ता बराच हलका होतो. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकत असतानाचं व्याज केंद्र सरकार भरतं, त्याबद्दल बँकेत स्वतःहून विचारा. नोव्हेंबर 2024 ला मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत निवडक चांगल्या संस्थांमधल्या मुलांना तारण आणि जामीनदार दोन्हीशिवाय कर्ज आहे, आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात 3 टक्के सवलत. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते बघून मगच बँकेत जा. मॅनेजर टोलवाटोलवी करत असेल तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून ऑनलाईन अर्ज टाका, त्याची नोंद राहते. गावात शेकडा तीन-पाच रुपयांनी पैसे उचलण्यापेक्षा हे कर्ज कितीतरी बरं, आणि जमीन विकायचा विषय तर घरात निघूच देऊ नका.

आणि रिन्यूअल दरवर्षी करावं लागतं, आपोआप होत नाही. दुसऱ्या वर्षाला गेलात की नवा उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची मार्कशीट, आणि पोर्टल सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म.