संत्र्याच्या रसाचं सॅलड ड्रेसिंग, तेल फक्त एक छोटा चमचा

काकडी-टमाटर म्हणजे हलकं खाणं असं आपण धरून चालतो, पण त्यावर दोन मोठे चमचे मेयोनीज पडलं की तिथंच जवळपास २०० कॅलरी झाल्या, आणि तेल म्हणाल तर एका मोठ्या चमच्यात १२०. आपल्या नागपुरात संत्रा असताना हे कशाला पाहिजे, मला खरंच कळत नाही.

आधी दही. १५० ग्रॅम ताजं दही सुती कपड्यात बांधून गाळणीवर ठेवा, खाली वाटी, आणि हे सगळं तासभर फ्रिजमध्येच, कारण आपल्या उन्हाळ्यात बाहेर टांगलेलं दही बघता बघता आंबट होतं. निथळलेल्या पाण्यात कणीक मळा.

तोवर अर्धा छोटा चमचा मोहरी खलबत्त्यात कुटून चमचाभर गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा. पाणी गारच हवं, गरम पाण्यात मोहरीचा झणका मरतो. ही मोहरी चवीसाठी तर आहेच, पण तेल आणि रस वेगळे होऊ देत नाही ते पण तीच.

आता संत्रा, आणि इथे घाई नको. आडवा कापा, सुरीच्या टोकाने एकेक बी काढा आणि हातानेच गाळणीवर पिळा, चार मोठे चमचे रस पुरे. मी एकदा पाहुणे दारात म्हणून फोडी बियांसकट मिक्सरमधून काढल्या होत्या, सगळं ड्रेसिंग कडूजार झालं, फेकावं लागलं. कडवटपणा बियांत आणि पांढऱ्या धाग्यांत असतो, आणि आपल्या संत्र्याचा रस नुसता काढून ठेवला तरी थोड्या वेळाने कडू लागायला लागतो, म्हणून रस ऐनवेळीच काढायचा. दिवाळीच्या आसपासचा आंबिया बहाराचा संत्रा आंबट-गोड असतो, तो यासाठी सगळ्यात चांगला, नंतरचा मृग बहाराचा गोड असतो, त्यात अर्धं लिंबू पिळा.

चक्का फेटा, त्यात मोहरी, मग थोडा थोडा रस, मग एक छोटा चमचा तेल धार धरून, फेटणं चालूच ठेवा. शेवटी भाजलेल्या जवसाची पूड एक छोटा चमचा (पाच मिनिटांत घट्टपणा येतो), मिरपूड, मीठ आणि बारीक चिरलेला सांभार (म्हणजे कोथिंबीर), देठांसकट बरं का, वास देठांतही असतो.

एवढ्यात चौघांचं होतं, माणशी साधारण ४५ कॅलरी.

सॅलडवर मात्र पानं वाढतानाच घाला, आधी घातलं तर मिठाने काकडीला पाणी सुटतं. दही-मोहरीचं मिश्रण रस न घालता फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी फक्त संत्रा पिळायचं काम उरतं.